चकत्यांची आयुधपूजा

व्हाइटफील्ड, बेंगळुरू
आश्विन शुद्ध एकादशी, शुक्रवार सकाळ

मानाचे व्याही शामसुंदरराव नवले यांना सूर्यकांत बेद्रे याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (त्यातला उजवा ओला आहे, म्हणून तुमच्या नावावर शाई थोडी पसरली. कारण किरकोळ आहे, पुढे ओघात येईलच.) आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का, विहीणबाईंनी लोणचं खरंच सोडलं की नुसतं सोडल्याचं सांगतात, आणि तुमच्या बारा वर्षांच्या टाकीतली मंडळी कशी आहेत, हे सविस्तर कळवावं. काल दसरा झाला. के. आर. पुरम काही परमुलूख नाही, मेट्रोत बसलं की पेपरचं पहिलं पान वाचून व्हायच्या आत येतं. बन्नीची पानं, म्हणजे आपलं दसऱ्याचं सोनं, घेऊन आम्ही उभयतांनी यायला हवं होतं, आपली रीतच आहे ती. पण मला घर सोडता येत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, तुमची लेक आणि आमची सून श्वेता ऑफिसच्या कामानं बारा दिवस जर्मनीला गेली आहे, आणि जाताना तिची खाऱ्या पाण्याची टाकी आणि त्यातले दोन केशरी-पांढरे मासे माझ्या हवाली करून गेली आहे. परवा रविवारी ती परत येते. दार उघडल्यावर ते दोन्ही मासे तिला पोहताना दिसले पाहिजेत, सध्या देवाकडे माझं दुसरं मागणं नाही. तेव्हा सोनं पाकिटातून पाठवतो आहे, गोड मानून घ्या.

पत्राला बसलो त्याचं खरं कारण म्हणजे आषाढात आपल्या दोघांत जे झालं ते तुमच्या मनात राहिलं असेल, ते निघून जावं. टाकी बसवली त्या रविवारी तुम्ही आलात. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तपकिरी बुळबुळीत दगड, आणि त्यांना ओहोटीच्या किनाऱ्याचा वास. मेट्रोत तुमच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली हे तुम्हीच मोठ्या अभिमानानं सांगितलंत. मग आमच्या सोफ्यावर बसून तुम्ही मला तासभर शिकवलंत, की माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, अमोनिया म्हणजे माशाला विष, ते विष खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवावे लागतात, त्यांना बिऱ्हाड करायला खडबडीत काहीतरी लागतं, तिथे त्यांची वस्ती जमायला दीड महिना जातो, आणि तुमच्या टाकीतले हे दगड घातले की तो दीड महिना वाचतो, कारण वस्ती त्यांत आधीच मुरलेली आहे. आणि काही झालं तरी दगड धुवायचे नाहीत, धुतले की जिवाणू मेले. हे ‘धुवायचे नाहीत’ तुम्ही सात वेळा म्हणालात, मी मोजलं. अहो राव, तुम्ही रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले. मी एकतीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या कापडरंगाईच्या कारखान्यात सांडपाण्याचा प्रकल्प चालवला. लाल, निळं, जांभळं पाणी माझ्याकडे यायचं आणि माझ्याकडून जायचं त्यावर मालकाची बाग वाढायची. ते काम जिवाणूच करतात. मी त्यांना पोसलंय, त्यांना गूळ घातलाय. (खरंच घालतात, थट्टा नाही.) जिवाणू बसलेली प्लास्टिकची चकती धुणाऱ्या माणसाला मी उभ्या उभ्या घरी पाठवलेलं आहे. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की सून आणताना आम्ही हुंडा घेतला नाही, आता दगड कसले घेतो. तुम्ही म्हणालात, लेकीला आंदण समजा. मी म्हटलं, आंदण असलं तरी वापरलेलं नको. आणि पिशवी, वर निरोपाचा नारळ ठेवून, तुमच्या हातात परत दिली. आमच्या सौ. तुंगाबाईंनी पुढचे चार दिवस मला भात आपटून वाढला.

पण बोललो तसं करून दाखवलं, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. जिवाणूंना घर कसलं द्यायचं हा प्रश्न मी कारखान्याच्या शिस्तीनं सोडवला. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन प्रकार मागवून टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे, हा माझा नियम. आमच्या मेन रोडवर माशांचं दुकान आहे, मालक प्रदीपकुमार, सज्जन माणूस, फक्त स्वतःला ज्ञानी समजतो. (हा दोष मला लगेच ओळखू येतो.) त्याच्याकडून पांढऱ्या चिनीमातीच्या कड्या आणल्या, काळे काटेरी प्लास्टिकचे चेंडू आणले आणि एक निळा स्पंज आणला. तुंगाबाईंच्या तीन सारख्या वाट्यांत तिन्ही भरले, वरून मोजून पाणी ओतलं आणि कोणात किती मावतं ते लिहून काढलं. कड्यांची भोकं आरपार आहेत की नुसती वरवरची, हे बघायला त्या बिटाच्या पाण्यात दोन तास भिजवल्या आणि मग हातोडीनं फोडून आतवर रंग गेला का ते पाहिलं. उरलेल्या न फोडलेल्या गुलाबी कड्या ताटलीत निथळत होत्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची आश्लेषा विरजणाला दही मागायला आली. नागपूरची मुलगी, सहा महिने झाले इथे येऊन, घरच्या खाण्याला आसुसलेली. तिला वाटलं उपासाची कडबोळी. दात शाबूत आहे, पण तेव्हापासून ती आमच्याकडे काही खाण्याआधी विचारते.

निकाल असा लागला. कड्या चांगल्या, पण त्यांची बारीक भोकं घाणीनं चोंदतात आणि आतले जिवाणू दार बंद झाल्यासारखे आतच राहतात. चेंडूंवर काटेच फार, बसायला जागा कमी. स्पंज दर आठवड्याला पिळायचा, म्हणजे दर आठवड्याला बिऱ्हाड उठवायचं. तिन्ही नापास. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की आपण जन्मभर ज्यावर भात खाल्ला ती वस्तू सोडून भलतीकडे काय शोधतोय. आमच्या प्रकल्पात जी असायची ती चकती. बोटाच्या पेराएवढी, प्लास्टिकची, आत फुली, कडेला दाते. खालून हवा सोडली की शेकडो चकत्या आमटीतल्या शेंगदाण्यांसारख्या खालीवर घुसळत राहतात. बाहेरून एकमेकींना घासून जास्तीची घाण आपोआप गळते, आत फुलीच्या कोपऱ्यात जिवाणू निवांत. चोंदायला नको, पिळायला नको. जुन्या कारखान्यातून कोऱ्या चकत्यांची पिशवी मागवली आणि प्रदीपकुमारला दाखवायला नेली. तो म्हणाला, सर, हे तर गटाराचं सामान. मी त्याला शांतपणे सांगितलं, की जिवाणूला पत्ता कळत नाही. त्याला बसायला जागा, श्वासाला हवा आणि खायला घाण लागते, मग ते व्हाइटफील्ड असो की बोम्मसंद्रा. दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघत होती, हे नमूद करतो.

इथे कल्लाप्पाची ओळख करून देतो, कारण हे पत्र तोच तुमच्या हातात देणार आहे. आमच्या सोसायटीच्या तळघरात सगळ्या फ्लॅटांचं सांडपाणी साफ करायचं यंत्रघर आहे, ते तो चालवतो. राहायला तुमच्याकडेच, के. आर. पुरमला. माझा मित्र. (व्हाइटफील्डमध्ये माझे तीन मित्र, त्यांतले दोन पंप आहेत.) त्यानं प्रेमानं त्याच्या टाकीतल्या ओंजळभर तयार चकत्या देऊ केल्या, जिवाणूंसकट. तुंगाबाईंनी विचारलं, कुठल्या टाकीतल्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या घरात येणार असतील तर मी माझ्या भावाकडे हुबळीला जाते. सुदैवानं कल्लाप्पाच म्हणाला, अक्का, येऊन उपयोग नाही, आमची मंडळी गोड्या पाण्यातली, मिठात जगायची नाहीत. म्हणून कोऱ्या चकत्यांवरच सुरुवात केली, शून्यापासून, कुणाचा एक जिवाणू उसना न घेता.

पुढचे सहा आठवडे, शामसुंदरराव, मी पुन्हा ड्यूटीवर होतो. लॉगबुक केलं. मासे अजून नव्हते, म्हणून जिवाणूंना खायला माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात कुजत ठेवायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. पिवळा आला तर शुद्ध, हिरवा आला तर विष. श्वेता ऑफिसची कॅब सोडून वर यायची, खांद्यावरची बॅग तशीच, चप्पल एका पायात, आणि पहिला प्रश्न, मामा, आजचं रीडिंग? तुम्हाला हे कळायचं नाही, पण सांगतो. निवृत्तीला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मला सगळ्यांनी बसा म्हटलं. शंतनु म्हणतो, बाबा, तुम्ही बसा, मी करतो. गॅसवाला म्हणतो, अंकल, बसा. मेट्रोत पोरं उठून उभी राहतात आणि म्हणतात, बसा. एकतीस वर्षं ज्याला दिवसातून सहा वेळा रीडिंग विचारलं जायचं त्याला दोन वर्षांत कुणी एकदाही विचारलं नव्हतं. तुमच्या मुलीनं विचारलं. मी आकडा सांगायचो, ती फ्रिजवरच्या तक्त्यात लिहायची, आणि मग आम्ही दोघं टाकीसमोर स्टुलं टाकून रिकामं पाणी बघत चहा प्यायचो. माझ्या पोटच्या मुलाशी मी सहा आठवड्यांत एवढं बोललेलो नाही. त्रेचाळिसाव्या दिवशी नळी पिवळीधमक आली. चकत्यांवर तांबूस तपकिरी बुळबुळीत थर चढला होता. कारखान्यात हा रंग आला की आम्ही पेढे वाटायचो, इथे मी म्हैसूरपाक वाटला.

मग मासे आले. धाकट्याचं नाव श्वेतानं ‘स्वल्प’ ठेवलं, कारण तो जेमतेम अंगठ्याएवढा, आणि थोरल्याचं ‘सरी’, म्हणजे कानडीत ‘बरं’, कारण तो कशालाच नाही म्हणत नाही, टाकाल ते खातो. जर्मनीला निघताना तिनं माझ्यासाठी सूचनांचा कागद टाकीवर चिकटवला. खाणं किती, पाणी किती, दिवा किती वाजता. चौथी सूचना, फिल्टरला हात लावू नका. मला क्षणभर राग आला, कारण मला फिल्टर शिकवणारी नवल्यांच्या घरातली ही दुसरी व्यक्ती. पण लिफ्टपाशी ती वाकून नमस्कार करून म्हणाली, मामा, टाकी तुमच्यावर आहे, म्हणून मी निर्धास्त जाते. राग कुठल्या कुठे गेला. शंतनु शेजारी उभा होता, त्याच्यावर तिनं काही टाकलं नाही हेही मी पाहिलं.

आता परवाची आयुधपूजा सांगतो, कारण तशी पूजा या सोसायटीत झालेली नाही. बोम्मसंद्र्यात खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद. धुऊनपुसून हळदीकुंकू, झेंडूचे हार, दारात कोहळा फोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत यंत्राला सुट्टी. सगळ्यांच्या यंत्रांना. माझ्या ब्लोअरला कधीच नाही. हवा थांबली की जिवाणू गुदमरतात, म्हणून एकतीस वर्षं त्याची पूजा चालता चालता झाली. हार घातला की वाऱ्यानं उडायचा. शेजारच्या खात्यातली यंत्रं नटूनथटून बसलेली आणि माझं बिचारं धापा टाकतंय. दर वर्षी मला वाईट वाटायचं, दर वर्षी त्याच्या अंगावर हात ठेवून म्हणायचो, एक दिवस तुलाही सुट्टी देईन. ते राहूनच गेलं. आता माझ्या हाताखाली यंत्र म्हणावं असं हे एकच उरलंय. ठरवलं, या वर्षी हौस फेडायची. (सूचना चौथी मला पाठ होती. पण पूजा म्हणजे हात लावणं नव्हे, हात जोडणं, असा मी त्याचा अर्थ लावला.)

सकाळी आठला पंप बंद केला, हवा बंद केली, चकत्या बाहेर काढल्या. पूजेला मळकं सामान कसं मांडणार, चार माणसं येणार जाणार. कोमट पाण्यात लिंबू पिळलं आणि एकेक चकती दातांच्या जुन्या ब्रशनं घासली. तीनशे चाळीस चकत्या, कमरेचा काटा ढिला झाला. तुंगाबाईंनी सूप दिलं, त्यात पसरून बाल्कनीत उन्हात वाळवल्या. काय सांगू राव, दुधासारख्या पांढऱ्याशुभ्र, पहिल्या दिवशी पिशवीतून निघाल्या तशा. मग पंपाला हार, हवेच्या नळीला हार, चकत्यांची रास चौरंगावर, त्यावर हळदीकुंकू. टाकीवरच्या फळीला श्वेतानं जाण्याआधी एक पांढरं गोल यंत्र बसवलंय, तापमानाचं असावं. उगाच एकाला वगळल्यासारखं नको म्हणून त्यालाही कुंकवाचं बोट लावलं, मधोमध काळा ठिपका होता तिथेच नेमकं. कोहळा लिफ्टसमोर फोडला. (सिक्युरिटीशी थोडं झालं, ते मिटलं.) अख्ख्या मजल्याला चुरमुरे वाटले. आश्लेषानं फोटो काढले आणि चुरमुरे खाण्याआधी हे चुरमुरेच आहेत ना असं विचारून घेतलं. दुपारी पाळी संपवून कल्लाप्पा दर्शनाला आला. चौरंगावरच्या त्या पांढऱ्या राशीकडे बराच वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे बघून ‘सर’ एवढंच म्हणाला आणि थांबला. त्याला भरून आलं असावं असं मला तेव्हा वाटलं. काल दसऱ्याला सकाळी आठला पूजा उतरवून यंत्र सुरू केलं. पुरे चोवीस तास सुट्टी, एका मिनिटाची कसर ठेवली नाही.

तर असं सगळं यथासांग पार पडलं. आषाढात तुमचे दगड परत पाठवले त्यात तुमचा अपमान करायचा हेतू नव्हता, एवढंच तुम्हाला समजावं. ज्याला स्वतःच्या हातानं उभारता येतं त्यानं दुसऱ्याचं का घ्यावं, हा माझा स्वभाव आहे, आणि निकाल तुमच्या समोर आहे. टाकीचं पाणी कालपासून किंचित दुधाळ दिसतं, पण तो उजेडाचा परिणाम असावा. गुडघ्याला जपा, विहीणबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार सांगा, आणि इकडची काळजी मुळीच करू नका, इथे मी आहे.

तुमचा व्याही,
सूर्यकांत बेद्रे

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारतो. आषाढात परत नेलेले ते दगड तुम्ही टाकून तर दिले नाहीत ना? की पुन्हा तुमच्याच टाकीत घातलेत? काही खास कारण नाही. आपल्या माणसाच्या वस्तूंची विचारपूस केलेली बरी.

ता. क. दुसरं. पाकीट बंद करण्याआधी तुंगाबाईंनी पत्र वाचायला घेतलं आणि वाचून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, आज एकादशी आहे, आज तरी खरं लिहा, नाहीतर फराळाची खिचडी मिळणार नाही. तर खरं लिहितो. मी चकत्या धुतल्या, शामसुंदरराव. लिंबानं धुतल्या, ब्रशनं घासल्या, उन्हात वाळवल्या. त्रेचाळीस दिवस मी एकेक जिवाणू जमवला आणि परवा सकाळी सगळी वस्ती मोरीत ओतून दिली, तीसुद्धा गाणं गुणगुणत. कुणी दुसऱ्यानं हे केलं असतं तर मी त्याला उभ्या उभ्या घरी पाठवलं असतं. मी घरीच आहे, मला कुठे पाठवणार. काल दुपारी नळी हिरवी आली. मला वाटलं थेंब जुने झाले, पुन्हा केली, पुन्हा हिरवी. स्वल्प आणि सरी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. तेव्हा कळलं की कल्लाप्पाला भरून आलेलं नव्हतं. कालपासून दोघं बादलीत आहेत. हवेची नळी सोडली आहे आणि मीठ कालवून दर दोन तासांनी निम्मं पाणी बदलतो, हात त्यामुळेच ओला. अजून दोघंही बरे आहेत, सरीनं सकाळी खाल्लं, स्वल्पनं नुसतं पाहिलं. पण रविवारी ती दारात उभी राहून रीडिंग विचारेल, आणि मी काय सांगू? मासे गेले तर ती मला एका शब्दानं बोलणार नाही, तशी मुलगीच नाही ती. फक्त परत कधी रीडिंग विचारणार नाही. ते मला सोसायचं नाही. म्हणून हात जोडून मागतो, ते दगड द्या. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही हसाल आणि ते मला ऐकू येईल. पत्र वाचताना हसून घ्या, मग द्या. कल्लाप्पाची पाळी दुपारी दोनला सुटते, तो स्कूटरवर येऊन दारात थांबेल आणि उलट पावली परत येईल. दगड तुमच्या टाकीच्या पाण्यातच बुडवून द्या. धुऊ नका. (हे मी तुम्हाला सांगतोय, याची मला जाणीव आहे.)

ता. क. तिसरं. कल्लाप्पा खाली स्कूटर सुरू करून उभा आहे, पण हे लिहिल्याशिवाय पाठवत नाही. आत्ताच श्वेताचा निरोप आला, शंतनुच्या फोनवर, त्यानं मला वाचून दाखवला. फळीवरचं ते पांढरं गोल यंत्र तापमानाचं नव्हे, कॅमेरा आहे. मासे जर्मनीतून दिसावेत म्हणून तिनं तो बसवला होता. ती लिहिते, मामा, बुधवारी मला आधी चौरंगावरच्या पांढऱ्या चकत्या दिसल्या, मग तुमचं बोट दिसलं, आणि तेव्हापासून सगळं लाल दिसतंय. काय झालं असेल ते मला कळलंय, तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून दोन दिवस थांबले. आमच्या अण्णांकडून दगड मागवा, लाजू नका. मी चौथीत असताना अण्णांनीही खंडेनवमीला आमच्या आधीच्या टाकीचा फिल्टर साबणानं घासून पूजेला मांडला होता. माझे अकरा मासे गेले. तेव्हापासून ते भेटेल त्याला धुवू नका, धुवू नका सांगत असतात. आणि शेवटी तिनं विचारलंय, मामा, आजचं रीडिंग?

कळवलं. खरं तेच कळवलं, हिरवं.

अकरा, शामसुंदरराव. आणि तेही साबणानं. मी निदान लिंबू वापरलं, आणि माझे दोन्ही अजून पोहताहेत. सात वेळा का म्हणत होता ते आज समजलं, तेव्हाच सांगितलं असतं तर मी पिशवी हातातून सोडली नसती. असो. हे आपल्या दोघांत राहील, विहीणबाईंसमोरसुद्धा मी काढणार नाही. दगड कल्लाप्पाकडे ओलेच द्या. आंदण म्हणून घेतो, वापरलेलं चालेल.